खोलीची जाण

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाच्या गावी शिक्षक तयार करणारी एक सरकारी पाठशाळा होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे वॉरेन जॉन्सन नावाचे प्राध्यापक अध्यापन करीत असत. त्या प्रदेशातील हिवाळा कडक. वर्गांना ऊब पुरविणारी भट्टी तळघरात. आणि त्या भट्टीची झडप कमीजास्त करण्याचे काम ज्या शिपायाकडे सोपविलेले, त्याला वर वर्गात गारठा आहे की उकाडा आहे हे समजण्यास एकच मार्ग होता, तो म्हणजे पाठ चालू असताना दार लोटून आत यावयाचे, उष्णतामापक न्याहाळावयाचा आणि पुन्हा तळघराच्या पायऱ्या उतरावयाच्या. ह्या नित्याच्या व्यत्ययाने त्रस्त होऊन जॉन्सन यांनी एक विद्युत्-योजना सिद्ध केली: वर्गातील तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की तळघरात घंटा वाजावी आणि ती ऐकून शिपायाने झडप हलवावी. १८८३ साली त्यांना ह्या उपकरणाचे पेटंट मिळाले आणि १८८५ साली मिलवॉकी शहरी त्यांनी ह्याच व्यवसायासाठी कंपनी स्थापन केली.

ह्या पहिल्या योजनेत कामाची वाटणी कशी झाली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. खोलीची अवस्था जाणण्याचे काम यंत्राकडे गेले. त्या जाणिवेवरून काय करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार आणि ते करण्याचे श्रम मात्र माणसाकडेच राहिले. पुढे घंटेची जागा थेट झडपेशी जोडलेल्या तारेने घेतली, शिपायाची नेमणूक संपुष्टात आली, आणि शतकभरानंतर तारेच्या टोकाशी झडपेऐवजी संगणक येऊन बसला. आज मोठ्या शहरांतील नव्या कचेऱ्यांत माणूस आत शिरताच दिवे लागतात, सभागृहातील गर्दी वाढली की ताज्या हवेचा पुरवठा वाढतो, खिशातला फोन भोवतालचा उजेड पाहून पडद्याची प्रखरता बदलतो. संवेदकांनी, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातील सेन्सरांनी, केलेल्या नोंदींवरून संगणकीय प्रणालींनी परिस्थिती ताडावी आणि आपले वर्तन तिच्याशी जुळवून घ्यावे, हा ह्या साऱ्या व्यवहाराचा पाया होय. ह्या विद्येचा गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांचा इतिहास वाचताना माझे मत असे झाले आहे की, अशा परिसराचे शहाणपण त्यात बसविलेल्या सेन्सरांच्या संख्येवर अवलंबून नसते. आपल्याला किती कळलेले नाही ह्याचा हिशेब तो किती प्रामाणिकपणे ठेवतो, आणि त्यात राहणाऱ्या माणसाने केलेली दुरुस्ती तो किती मनापासून स्वीकारतो, ह्यावर ते ठरते.

ह्या मताला पहिला आधार इंग्लंडातील केंब्रिज येथे सापडतो. ऑलिव्हेटी कंपनीच्या तेथील संशोधनशाळेत १९८९ ते १९९२ ह्या काळात रॉय वाँट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अॅक्टिव्ह बॅज’ नावाचा बिल्ला तयार केला. कपड्यावर लावावयाचा, सुमारे चाळीस ग्रॅम वजनाचा हा बिल्ला दर पंधरा सेकंदांनी, एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शापुरता, आपली ओळख सांगणारा अवरक्त किरणांचा संकेत सोडी. हे किरण भिंतीतून आरपार जात नाहीत. त्यामुळे ज्या खोलीतील ग्राहकाने संकेत टिपला त्याच खोलीत बिल्ला आहे, असा निष्कर्ष काढता येई. पंधरा सेकंदांचे अंतर विचारपूर्वक ठेवलेले होते. संकेत क्वचित सुटल्यामुळे विजेरी दीर्घकाळ टिके, दोन बिल्ल्यांचे संकेत एकाच क्षणी आदळण्याचा संभव कमी होई, आणि कचेरीत माणसे काही धावत नसल्यामुळे पंधरा सेकंदांपूर्वीची खबर सहसा शिळी ठरत नसे.

बिल्ल्याचा मुख्य उपयोग दूरध्वनीचे काम पाहणाऱ्या स्वागतिकेला झाला, कारण कोणाला फोन आला की तो माणूस ज्या खोलीत असेल तेथील यंत्राकडे तो वळविणे तिला शक्य झाले. परंतु मला ह्या यंत्रणेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती तिच्या पडद्यावरील तक्ता. प्रत्येक नावासमोर नुसते ठिकाण नसे, तर त्या ठिकाणी तो माणूस असण्याची शक्यता किती, हेही शेकडेवारीत दिलेले असे. माणूस एके जागी स्थिर असेल तर पुरते शंभर टक्के. तो हिंडत असेल तर हा आकडा खाली येई. पाच मिनिटांहून अधिक काळ तो दिसला नाही तर शेवटच्या दर्शनाची वेळ तेवढी उरे. दिवसभरात दिसला नाही तर शेवटचा वार उरे. आणि आठवडा उलटला म्हणजे तो ‘बाहेर’ असल्याची नोंद होई. आपले ज्ञान कसकसे झिजत जाते हे इतक्या सरळपणे मांडणारी यंत्रणा नंतरच्या काळातही विरळाच निर्माण झाली.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात, मार्क वायझर हे ह्या साऱ्या प्रयत्नांस एक तात्त्विक बैठक देत होते. सप्टेंबर १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांचा जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी प्रतिपादन केले की संगणकाने टेबलावर बसून माणसाचे सारे लक्ष मागत राहू नये; त्याने परिसरात विरून जावे आणि माणूस आपल्या कामात मग्न असता त्याला नकळत साह्य करावे. वायझर १९९९ साली अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी वारले. पुढे रॉय वाँटही ह्याच केंद्रात आले, आणि १९९४ साली त्यांनी बिल शिलिट व नॉर्मन अॅडम्स ह्यांच्यासह लिहिलेल्या निबंधात प्रणालीने संदर्भ ओळखावयाचा म्हणजे काय ओळखावयाचे, ह्याचे मर्म सांगितले: तुम्ही कोठे आहात, कोणासमवेत आहात आणि आसपास कोणती साधने हाताशी आहेत. ह्या तीन बाबी बोलावयास सोप्या आहेत. त्यांतील एकेकीचा खात्रीलायक पुरावा मिळविणे किती दुर्घट आहे, हे कळण्यास मात्र सेन्सर नावाच्या वस्तूच्या अंतरंगात शिरावे लागते.

कचेऱ्यांच्या आणि जिन्यांच्या छतांत आढळणारा जो मोशन सेन्सर, त्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या पोटात एक विशिष्ट स्फटिक असतो. त्याचे तापमान बदलले की त्याच्या पृष्ठभागावर विद्युत्भार उत्पन्न होतो. मनुष्याच्या त्वचेतून सतत अवरक्त किरण बाहेर पडतात, आणि त्यांपैकी सर्वांत प्रबळ ते नऊ-दहा मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचे. स्फटिकाचे दोन भाग परस्परविरोधी जोडलेले असतात, जेणेकरून संपूर्ण खोली हळूहळू तापली तर दोघांचे परिणाम एकमेकांना छेद देऊन शून्य व्हावेत. बाहेरच्या पांढऱ्या, खाचाखाचांच्या भिंगामुळे खोलीचे अनेक पट्टे पडतात, आणि उष्ण शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेले की आधी एक भाग उद्दीपित होतो आणि मग दुसरा. त्यातून उठणारी विजेची लाट हीच सेन्सरची ‘माणूस आला’ ही बातमी. सेन्सराने प्रत्यक्षात माणूस पाहिलेला नाही. उष्णतेच्या एका ठिपक्याचे स्थलांतर काय ते त्याने अनुभवले आहे. म्हणूनच पुस्तकात गढून निश्चल बसलेल्या वाचकाच्या डोक्यावरचा दिवा विझतो, आणि उन्हाने तापलेला पडदा वाऱ्याने हलला तर रिकाम्या खोलीत दिवा लागू शकतो. शिवाय भोवतालचे तापमान त्वचेच्या तापमानाजवळ आले म्हणजे शरीर आणि भिंत ह्यांतील उष्णतेचा फरकच मावळतो आणि सेन्सराची दृष्टी मंद होते. शीत प्रदेशातील प्रयोगशाळेत बिनचूक चालणारे उपकरण नागपूर-चंद्रपूरच्या वैशाखात का अडखळते, ह्याचे हे एक सरळ भौतिक कारण आहे.

एका साक्षीदारावर विसंबू नये म्हणून अनेकांच्या साक्षी जुळवून पाहण्याची पद्धत पडली. दार उघडले होते का, आवाज आहे का, कर्बद्विप्राणिलाचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे, प्रमाण चढते आहे का, असे परस्परांहून भिन्न प्रश्न विचारून उत्तरांचा मेळ घालावयाचा. ह्यांतील शेवटचा साक्षीदार विशेष उपयुक्त आहे. कारण तो निश्चल माणसालाही विसरत नाही. बाहेरच्या हवेत हा वायू दशलक्ष भागांत सव्वाचारशेच्या घरात असतो, आणि बंद वर्गात मुले बसली म्हणजे त्यांच्या श्वासोच्छ्वासाने तो आकडा हजाराच्या वर सहज जातो. पण हा साक्षीदार मंदगती आहे. वर्ग भरून बराच वेळ झाल्यावर तो ‘गर्दी आहे’ म्हणतो, आणि वर्ग सुटल्यावरही काही काळ तेच सांगत राहतो. मोशन सेन्सर त्वरित बोलतो पण लगेच विसरतो. वायूचा सेन्सर उशिरा बोलतो पण दीर्घकाळ स्मरतो. दोघांच्या ह्या स्वभावभेदाचे ज्ञान असेल तरच त्यांच्या साक्षींना योग्य ते वजन देता येते.

जॉर्जिया टेक ह्या अटलांटा येथील विद्यापीठात ह्या अडचणीवर एक सुबक व्यवस्था सुचविली गेली. अनिंद डे, डॅनियल सॅल्बर आणि ग्रेगरी अबाउड ह्यांनी १९९९ साली मांडलेल्या योजनेचे तत्त्व असे की, सेन्सरांकडून कच्ची माहिती घेणारे खाते वेगळे, तिचा अर्थ लावणारे वेगळे आणि त्या अर्थाचा उपयोग करणारी प्रणाली वेगळी ठेवावी. उद्या बिल्ल्याऐवजी फरशीत बसविलेला भारमापक आला तरी दिव्यांच्या प्रणालीत बदल करावा लागू नये. असा भारमापक त्याच विद्यापीठात खरोखरच तयार झाला होता: पाऊल टेकताना आणि उचलताना पडणाऱ्या दाबाच्या आलेखावरून चालणारा कोण हे ओळखणारी ती फरशी शंभरांत ब्याण्णव-त्र्याण्णव वेळा बरोबर उत्तर देई, असे २००० सालच्या अहवालात नमूद आहे. खातेवाटपाची ही योजना कारभार म्हणून उत्तमच. परंतु तिच्यात एक धोका दडलेला आहे. कच्ची माहिती अर्थ लावणाऱ्या खात्यातून पुढे सरकताना तिच्या अंगची अनिश्चितता मागेच गळून पडते, आणि शेवटच्या प्रणालीच्या हाती ‘खोलीत अमुक माणूस आहे’ असे निर्विवाद वाक्य पडते. सात वेळा चुकणाऱ्या फरशीची ती सात टक्के शंका दप्तराच्या कोणत्या पानावर लिहिली जाते, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तो प्रश्न ज्यांनी स्वतःच्या घरात सोडवून पाहिला ते कोलोराडो विद्यापीठातील प्राध्यापक मायकेल मोझर. बोल्डर गावी १९०५ साली शाळेसाठी बांधलेली एक इमारत होती. १९९२ साली तिचा जीर्णोद्धार करताना तिच्यात जवळजवळ पाच मैल लांबीची संदेशवाहक तार घालण्यात आली आणि सुमारे पंचाहत्तर सेन्सर बसविण्यात आले. उजेड, तापमान, आवाज, हालचाल, दारे-खिडक्यांची स्थिती, पाण्याचा वापर, बाहेरचे ऊन ह्या सर्वांची रोजकीर्द अहोरात्र लिहिली जाऊ लागली. मोझर त्या घराचे संशोधक होते तसे रहिवासीही होते. आणि हे दुहेरी नाते हेच त्या प्रयोगाचे बळ होय. त्यांचा आक्षेप त्या काळच्या स्वयंचलित घरांवर होता. ती घरे तंत्रज्ञाने येऊन लिहून दिलेल्या नियमांनी चालत, आणि रहिवाशाची दिनचर्या बदलली की नियम पुन्हा लिहिण्यासाठी तंत्रज्ञास पाचारण करावे लागे. मोझर म्हणाले की घराने नियम मागू नयेत. राहणाऱ्याकडे पाहून ते स्वतः शिकावेत.

शिकावयाचे कसे, ह्याचे त्यांनी दिलेले उत्तर इतके साधे आहे की त्याचे महत्त्व प्रथमदर्शनी लक्षात येत नाही. घरातील दिव्यांचे बावीस समूह होते आणि प्रत्येकाच्या प्रखरतेच्या सोळा पायऱ्या. रहिवाशाने काही विशेष करावयाचे नाही. दिवे त्याच्या मनाजोगे नसतील तर भिंतीवरचे बटण नेहमीप्रमाणे फिरवावयाचे, इतकेच. ते फिरविणे म्हणजेच तक्रार, आणि तीच घराची शिकवणी. घरापुढे एक जमाखर्च असे: वीज खर्च झाली तर एक किंमत, रहिवाशाला बटणाला हात लावावा लागला तर दुसरी, आणि दोन्ही एकाच चलनात, पैशांत मोजलेल्या, म्हणजे त्यांची बेरीज करता यावी. ही बेरीज जितकी लहान तितके घर शहाणे. घर अधूनमधून मुद्दाम एखादा दिवा ठरल्यापेक्षा मंद लावून पाही. रहिवाशाने तक्रार केली नाही तर इतका उजेड त्याला पुरतो असे समजे आणि पुढे तेवढीच वीज खर्च करी. एखाद्या जुन्या, जाणत्या दिवाणजीने मालकाच्या मनाचा अंदाज घेत नवा कागद हळूच पुढे सरकवावा आणि त्यांची भुवई चढली तर तो तितक्याच हळू मागे घ्यावा, तसा हा प्रकार होता. शिवाय उपकरणांच्या जोडणीत विलंब होत असल्यामुळे, माणूस पुढच्या दोन सेकंदांत घराच्या कोणत्या भागात शिरेल ह्याचे भाकीत करणारे एक स्वतंत्र जाळे त्यांना शिकवावे लागले, नाहीतर दिवा लागेपर्यंत माणूस अंधारातून पलीकडे गेलेला असे.

मोझर यांनी पुढे नोंदविलेली एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. घर त्यांच्या परतण्याच्या वेळेचे भाकीत करून आधीच ऊब सिद्ध करून ठेवी. आणि त्यामुळे कामावर उशीर होऊ लागला की त्यांच्या मनात येई, आता घर आपली वाट पाहत असेल, निघाले पाहिजे. घर त्यांच्याशी जुळवून घेत होते तसे तेही घराशी जुळवून घेऊ लागले होते. अनुकूलन हा एकतर्फी व्यवहार नाही, ही गोष्ट त्या क्षेत्रातील पुष्कळ निबंधांत आढळत नाही. जो माणूस आपल्याच यंत्रणेत राहिला त्याला ती आढळली. त्याचबरोबर त्या प्रयोगाची सीमाही स्पष्ट सांगितली पाहिजे. ते घर मुख्यतः एका माणसाचे होते आणि त्याच्या सेन्सरांना माणसामाणसांतील भेद कळत नव्हता. आजोबांना भरपूर उजेड हवा, नातवाला झोपण्यासाठी अंधार हवा आणि सुनेला स्वयंपाकघरात तिसरेच काही हवे, अशा भरल्या घरात बटण कोणी फिरविले आणि कोणाच्या वतीने फिरविले, हा निवाडा कोणत्याही सेन्सराला सहजी साधणारा नाही.

दिव्यांकडून वातानुकूलनाकडे वळले की हाच प्रश्न आपल्या देशाच्या दारी येऊन उभा राहतो. ‘सुखद तापमान’ म्हणून यंत्राला जो आकडा दिला जातो तो आला कोठून? पुष्कळ काळ तो डेन्मार्कच्या फँगर यांच्या संशोधनातून आला. हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरील कपडे आणि शरीराची हालचाल ह्या सहा राशींवरून सुखदुःखाचा अंदाज बांधणारे त्यांचे समीकरण १९७० च्या सुमारास प्रतिष्ठा पावले. त्याला आधार होता तो नियंत्रित कक्षांत बसविलेल्या पाश्चात्त्य विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला ह्या पाच शहरांतील कचेऱ्यांत जाऊन, तीन ऋतूंत, सहा हजारांहून अधिक उत्तरे गोळा केली, आणि त्यांवरून २०१४ साली भारतीय कचेऱ्यांसाठी स्वतंत्र प्रतिमान सादर केले. त्यांना आढळले की येथील माणूस परदेशी प्रमाणांनी गृहीत धरल्याहून कितीतरी अधिक उष्म्यात स्वस्थ असतो. खिडक्या उघड्या असणाऱ्या इमारतीत बाहेरचे सरासरी तापमान एका अंशाने वाढले की सुखद वाटणारे आतले तापमान अर्ध्या अंशाहून थोडे अधिक वर सरकते. बाहेर सरासरी तीस अंश असतील तर आत एकोणतीसच्या आसपास माणूस संतुष्ट असतो.

जेथे हा निष्कर्ष ध्यानात घेतला गेला नाही तेथे काय घडते, ते बहुतेकांनी अनुभवले आहे: बाहेर उन्हाचा वणवा, आणि आत स्वेटर घालून बसलेले कर्मचारी. सेन्सर त्या खोलीतही असतो आणि तो बिचारा अचूकच असतो. तापमान बावीस आहे हे तो बिनचूक सांगतो, आणि यंत्र ते बावीसच राहील ह्याची दक्षता घेते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता मंडळाच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून नव्या खोली-वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान चोवीस अंश ठेवणे बंधनकारक झाले, ही इष्ट सुधारणा होय. पण खरी उणीव आकड्याची नसून विचारपूस करण्याची आहे. त्या कर्मचाऱ्यांनी स्वेटर घातले ही सुद्धा मोझर यांच्या बटणाइतकीच स्पष्ट तक्रार आहे. फरक इतकाच की ती ऐकणारे कान त्या इमारतीला दिलेले नाहीत. भिंतीवरचे नियंत्रक कुलूपबंद पेटीत ठेवलेले असतात आणि तिची किल्ली व्यवस्थापनाकडे असते. पंखा सुरू करावा, खिडकी उघडावी, असा माणसाचा स्वाभाविक उपायही काचेच्या बंद भिंतींनी हिरावून घेतला आहे.

व्हिक्टोरिया बेलॉटी आणि कीथ एडवर्ड्स ह्यांनी २००१ साली लिहिलेल्या निबंधात ह्या दोषाचे मूळ दाखविले होते. माणसाच्या अंतःकरणातील हेतू सेन्सरांच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून त्यांच्या बळावर परस्पर कृती करणाऱ्या प्रणालीने आपल्याला काय कळले आहे, ते कसे कळले आणि त्यावरून आपण काय करीत आहोत, हे वापरणाऱ्याला उघड सांगितले पाहिजे. वायझर ह्यांच्या अदृश्य संगणकाची कल्पना मला प्रिय आहे, तरीही ह्या बाबतीत मी बेलॉटी-एडवर्ड्स ह्यांच्या पक्षाचा आहे. यंत्र दृष्टीआड झाले तर हरकत नाही. त्याच्या कृतीचे कारण दृष्टीआड होऊ नये.

कारण उघड असावे ह्याची निकड रोजकीर्दीच्या प्रश्नात सर्वाधिक जाणवते. केंब्रिजच्या बिल्ल्याकडून एखाद्याच्या गेल्या तासाभरातील हालचालींचा गोषवाराही मागता येत असे, आणि त्यातला धोका त्याच्या कर्त्यांनी आपल्या निबंधात टाळला नव्हता. अंधारात बिल्ला आपोआप बंद होई, म्हणून नको असेल त्याने तो मेजाच्या खणात टाकावा आणि काही काळ नजरेआड व्हावे, एवढी मुभा त्या वस्तूच्या घडणीतच होती. छतात पक्क्या बसविलेल्या सेन्सराला असा खण नाही. आपल्याकडे २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीचे तत्त्व मान्य केलेले असले तरी, नोकरीच्या कारणासाठी माहितीचा उपयोग करणे ह्याची गणना ज्या रास्त उपयोगांत केली आहे त्यांना संमतीची अट नाही. कोणत्या मेजावर कोण किती वेळ होते, ही नोंद दिवे विझविण्यासाठी जमविली गेली आणि उद्या हजेरीपटासाठी वाचली गेली, तर ती कर्मचाऱ्याने कोणत्या शब्दांत नाकारावयाची?

राहत्या इमारतींतही हे लोण येऊन पोचले आहे. जिन्यांतील सेन्सर, दारांवरील कॅमेरे, पाण्याचे स्वयंचलित मापक ह्यांचे ठराव गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांपुढे येतात आणि बहुधा खर्चाच्या आकड्यावरच त्यांची चर्चा आटोपते. त्याच ठरावात ही नोंद किती दिवस राहील, ती कोणाला वाचता येईल, आणि यंत्राचा निर्णय चुकला तर साध्या हाताने फिरविता येईल असे बटण कोणत्या भिंतीवर असेल, हे लिहून घेण्यास एखादे पानही लागत नाही. आणि हे लिहून घेण्याची वेळ सेन्सर बसविण्याच्या आधीची असते.